सरकारी छतातलं भोक

त्यांना वेड लागलं होतं म्हणून सरकारनं नोकरीवरून काढलं, असं आमच्या गावात आजही सांगतात. सांगणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते. उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्याकडून डोळे बरे करून घेतले होते. मला जास्त संताप येतो तो या दुसऱ्यांचा.

गावाचं नाव घेत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं, सोलापूर-हैदराबाद सडकेला धरून असलेलं गाव, एवढं पुरे. त्यांचंही नाव लिहीत नाही. ते हयात असताना त्या नावाची झाली तेवढी शोभा बास झाली. आम्ही त्यांना नुसतं डॉक्टर म्हणायचो.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. दवाखान्यावरची उर्दू पाटी जाऊन मराठी आली होती, पण इमारत जुनीच होती. जाड दगडी भिंती, वर मातीचं धाबं आणि विजेचा पत्ता नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा अभ्यास केलेला माणूस असल्या ठिकाणी कशाला येईल? शिक्षा म्हणून आला. हैदराबादेत त्यांचे वरिष्ठ मोतीबिंदू काढण्यात नावाजलेले होते. त्यांनी एका म्हाताऱ्याला टेबलावर घेतलं तेव्हा आमचे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "याला उजेड कुठून येतोय तेसुद्धा कळत नाही. आतला पडदा कधीच मेलाय. पुढची खिडकी पुसून काय करणार? आत घरच जळालंय." ऑपरेशन झालं आणि म्हाताऱ्याला दिसलं नाही ते नाहीच. वरिष्ठांनी चूक कबूल केली नाही, डॉक्टरांची बदली केली. बरोबर बोलल्याबद्दल मिळालेलं ते त्यांचं पहिलं बक्षीस.

त्यांना पहिल्यांदा पाहणारा माणूस हसल्याशिवाय राहत नसे. उंच, किडकिडीत, अंगात काळी अचकन आणि डोळ्यांवर लालभडक काचांचा चष्मा. भर उन्हात बाजारातून ते तसेच चालत. मागून पोरं ओरडत, दुकानदार तोंडाला उपरणं लावत. त्या चष्म्याचं कारण त्यांना कुणी विचारलं नाही. मी विचारलं.

"अंधाऱ्या खोलीत डोळा तपासायचा तर आधी माझा डोळा अंधाराला सरावलेला पाहिजे," ते म्हणाले. "उन्हातून आत गेलं की किती तरी वेळ मला काही दिसत नाही. लाल काच लावली की दिसतं. यात हसण्यासारखं काय आहे?"

काहीच नव्हतं. पण गावाला हसायला कारण लागत नाही.

माणसांचे चेहरे त्यांच्या ध्यानात राहत नसत. बाजारात नमस्कार केला तर ते कोऱ्या नजरेनं बघत. तोच माणूस दवाखान्यात स्टुलावर बसला, त्यांनी मधोमध भोक असलेला बारका आरसा आपल्या डोळ्याला लावून त्याच्या डोळ्यात उजेड सोडला, की लगेच म्हणत, "अरे, तुम्ही! जावयाची तब्येत कशी आहे?" पडदा बघितल्याशिवाय त्यांना ओळखच पटत नसे. तहसीलदारांना त्यांनी असंच एकदा सडकेवर ओळखलं नाही. तहसीलदार ते कधी विसरले नाहीत.

माझी त्यांची गाठ पडली ती डोळे आल्यामुळं. मी हायस्कुलात ड्रॉइंगमास्तर होतो. डोळ्यांत थेंब घालता घालता त्यांनी माझ्या बोटांवरचा रंग बघितला आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही जे दिसतं ते काढता की जे आवडतं ते?"

मी म्हणालो, "दिसतं ते काढायचा प्रयत्न करतो."

"बरं होऊन परत या."

परत गेलो तेव्हा त्यांनी मला अंधाऱ्या खोलीत नेलं. दाराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत घेतली होती. कंपाउंडर लतीफभाई स्टुलावर बसले होते. डॉक्टरांनी आरसा आणि भिंग माझ्या हातात कसं धरायचं ते दाखवलं. बराच वेळ मला नुसता अंधार दिसला, मग एकदम लतीफभाईंच्या डोळ्याचा तळ दिसला. गेरूत शेंदूर मिसळावा तशी जमीन, तिच्यावर फिकट पिवळा वाटोळा ठिपका आणि त्या ठिपक्यातून निघून चहूकडं फाटे फुटत गेलेल्या लाल शिरा. जिवंत माणसाच्या आत मी बघत होतो.

"आता हे काढा," डॉक्टर म्हणाले.

मी काढलेलं पहिलं चित्र त्यांनी फाडलं. दुसरंही फाडलं. "ही शीर इथं वळत नाही. तुम्ही सुंदर करायला बघताय. सुंदर नको मला, खरं पाहिजे. उद्या हिची रेघ बदलली तर रोग वाढला की तुमची लहर फिरली, हे मी कशावरून ठरवू?"

इतकं कडक मला आर्ट स्कुलातही कुणी बोललं नव्हतं. तेव्हापासून सुटीच्या दिवशी मी त्यांच्याकडं जाऊ लागलो. एकेका डोळ्याचं चित्र महिन्या-महिन्यानं पुन्हा काढायचं आणि शेजारी शेजारी लावायचं. साखरेच्या रोगानं शिरांतून रक्ताचे ठिपके कसे फुटतात, कुठले विरतात, कुठले पसरतात, हे त्या भिंतीवर दिसायचं. असं काम मोठ्या शहरांत कॅमेऱ्यानं करतात, असं ते सांगत. त्यांनी तसला कॅमेरा मागितलाही होता. वरून उत्तर आलं की रोग्यांचे फोटो आवश्यक असल्यास तालुक्यातल्या स्टुडिओत काढून घ्यावेत. ते उत्तर डॉक्टरांनी लतीफभाईंना वाचून दाखवलं आणि पुढचा रोगी आत बोलावला.

एका शब्दाचा त्यांना विलक्षण राग होता. डोळा गेलेला माणूस "नशीब" म्हणाला की ते ताडकन उठत. "नशीब डोळ्याच्या कुठल्या भागात असतं? दाखवा मला! मास्तर त्याचं चित्र काढतील." समोरचा गांगरून जाई. मग ते आवाज उतरवून म्हणत, "बाबा, तू उशिरा आलास. आणि तू आला असतास तरी माझ्याकडं सामान नाही. यात नशीब कुठं आलं?"

त्यांच्या हातून काही होण्यासारखं नसलं की ते जास्तच चिडत. उमरग्याकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरात दिवस मावळला की मुलं चाचपडायला लागत. डॉक्टरांनी त्या घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासले. मी चित्रं काढली. लहान मुलांच्या पडद्याच्या कडेला काळे डाग नुकते दिसायला लागले होते, आज्याचा पडदा डागांनी भरून गेला होता. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मामा-भाचीची लग्नं होत आली होती. या रोगाला औषध नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. पुढचं लग्न नात्यात करू नका, एवढंच मागितलं. घरच्यांनी मान हलवली आणि वर्ष फिरायच्या आत तसलंच लग्न काढलं.

डॉक्टर मांडवात गेले. लाल चष्मा, काखेत माझी चित्रं. अक्षता वाटल्या जात होत्या तेव्हा त्यांनी मधोमध उभं राहून तिन्ही पिढ्यांचे डोळे उंच धरले आणि ओरडले, "ही पोर जी पोरं काढील ती अशी होणार! कुणाला बघायचंय का?" लोकांनी त्यांना ढकलत बाहेर काढलं. एकानं काठी मारली. लग्न लागलंच. कपाळावर टाका घालून घेताना ते मला म्हणाले, "मास्तर, चित्रं फाटली का?" फाटली नव्हती. पण अशुभ बोलणारा डॉक्टर म्हणून त्यांचं नाव झालं ते तेव्हापासून.

आता उन्हाचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरून झालं.

डोळ्याचा पडदा म्हणजे आतल्या बाजूनं चिकटलेलं पातळ अस्तर. त्याला कधी कधी बारीक चीर पडते. चिरेतून आतलं पाणी मागं शिरतं आणि ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसं ते अस्तर सुटत जातं. एकदा सुटलं की त्या काळी आमच्याकडं तो डोळा गेल्यात जमा होता. पण सुटायच्या आधीच चिरेभोवती भाजून बारीक बारीक डाग दिले तर तिथं वण धरतो आणि चीर जागच्या जागी शिवल्यासारखी होते. परदेशात एका डॉक्टरानं असे डाग चक्क उन्हानं दिले, हे आमच्या डॉक्टरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि ते खोलीत येरझारा घालायला लागले.

"मास्तर, कॅमेरा नाही, वीज नाही, खाट नाही. ऊन? ऊन तर आपल्याला खाऊन उरतंय!"

त्यांनी परवानगी मागितली. जिल्ह्याचे मोठे डॉक्टर दौऱ्यावर आले तेव्हा हसून म्हणाले, "सूर्यनमस्कार घाला, डॉक्टर. प्रकृतीला बरं." बाकी लेखी 'हो' आलं नाही की 'नको'ही आलं नाही. मग डॉक्टरांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून एक मोडकी दुर्बीण आणली, तिची भिंगं काढली. आपल्या बायकोच्या कपाटाचा बिलोरी आरसा काढला. वहिनी त्यानंतर तांब्यातल्या पाण्यात बघून कुंकू लावत. घरांच्या धाब्याला उजेडासाठी झरोका ठेवतात तसा एक झरोका त्यांनी अंधाऱ्या खोलीच्या छताला पाडला. वर आरसा, त्यातून ऊन भोकातून खाली, खाली दुसरा आरसा आणि भिंगं. एक कळ होती. दाबली की क्षणभर उजेड सुटे आणि बंद होई.

आधी सशांवर. दवाखान्यामागं त्यांनी ससे पाळले होते आणि त्यांना सरकारी हुद्द्यांची नावं दिली होती. एकाचं नाव ओव्हरसियर. लतीफभाई अंगणातून ओरडत, "साब, ओव्हरसियर फिर कोथिंबीर खा रा!" आणि रस्त्यावरचे लोक थांबत. दोन उन्हाळे डॉक्टर सशांच्या डोळ्यांत डाग देत राहिले आणि मी ते काढत राहिलो. जास्त ऊन पडलं तर पडदा जळे. कमी पडलं तर वण धरत नसे. किती म्हणजे पुरेसं, हे शेवटी त्यांच्या हाताला कळलं. ससे पुढं म्हातारे होऊन मेले.

आणि मग शेवंता आली.

जळकोटची, तिशीतली. लहानपणापासून तिला फार जवळचंच दिसे. बैलगाडीतून तिला तिचा थोरला भाऊ धोंडिबा घेऊन आला होता. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता, तेव्हा नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं होतं. माहेरी तिनं शिवणयंत्र घेतलं आणि चोळ्या शिवून ती आपलं पोट भरत होती.

"आता या बी डोळ्यापुढं काजळी तरंगायलीय," ती म्हणाली. "अन्‌ कडंला इजा चमकल्यावानी हुतंय. त्या डोळ्याचं बी आसंच झालतं."

डॉक्टरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मला बोलावलं. पडद्याच्या वरच्या कडेला, नालाच्या आकाराची बारकी लाल चीर होती. भोवतालचा पडदा अजून सुटला नव्हता.

"काढा," ते म्हणाले. "आणि या वेळी केसाएवढं चुकू नका."

धोंडिबाला वाटत होतं, सोलापूरला न्यावं, नाही तर हैदराबादला. डॉक्टर म्हणाले, "त्या सडकेवरचे धक्के खात गेली तर पोचायच्या आत पडदा सुटेल. पोचली तरी खाट मिळेपर्यंत सुटेल. मी याच्या आधी पाठवलेत रोगी. आंधळे होऊन परत आलेत." मग ते शेवंताकडं वळले. तिच्याशी ते एवढ्या सावकाश बोलले की मला आश्चर्य वाटलं. "बाई, नीट ऐका. मी या डोळ्यात ऊन सोडणार आहे. सशांवर केलंय, माणसावर कधी केलं नाही. जमलं तर डोळा राहील. चुकलं तर आहे तेही जाईल. काहीच केलं नाही तरी बहुतेक जाईल. तुम्ही सांगा."

शेवंतानं विचारलं, "उन्हानं डोळा भाजंल न्हवं?"

"भाजायचाच आहे. पण बरोबर जागी."

धोंडिबा म्हणाला, "शेवंता, घरी चल. म्या हाय न्हवं, बसून खा."

"बसून खायाला डोळं लागत न्हाईत, दादा," ती म्हणाली. "मला शिवायचंय." आणि डॉक्टरांना म्हणाली, "सोडा ऊन."

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ निरभ्र होतं. लतीफभाई डोक्याला पंचा गुंडाळून धाब्यावर आरशापाशी बसले. सूर्य सरकेल तसा त्यांनी आरसा हातानं फिरवायचा होता. डोळा हलू नये म्हणून डॉक्टरांनी शेवंताच्या डोळ्यामागं सुई दिली. धोंडिबानं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. भिंगातून सगळं उलटं दिसतं म्हणून मी माझं चित्र भिंतीवर उलटं टांगून त्याच्याशेजारी उभा राहिलो.

"मोठ्या शिरेच्या फाट्यापासून किती लांब?" डॉक्टर विचारत.

"फाट्याच्या जाडीच्या तिप्पट. जरा बाहेर. आणखी जरा."

कळ खटकन वाजे. आत एक पांढरा ठिपका उमटे. मग दुसरा. डॉक्टरांच्या कपाळावरून घाम भुवईवर उतरत होता आणि पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. चिरेची अर्धी कड झाली असेल-नसेल, तोच खोली मंदावली.

"साब, ठैरो!" वरून लतीफभाई ओरडले. "अबर आ रा!"

एवढ्या मोठ्या आभाळात एकच ढग आणि तो नेमका तिथं. डॉक्टर हलले नाहीत. कळीवर अंगठा, डोळा आरशाच्या भोकाला, तसेच. डोळ्यामागच्या सुईचा परिणाम उतरला तर तिचा डोळा हलणार होता. धोंडिबा पुटपुटत देवीचं नाव घेत होता. शेवंता म्हणाली, "काय झालं?" डॉक्टर म्हणाले, "काही नाही. ऊन जेवायला गेलंय." ती त्या अवस्थेत हसली.

"हौ साब, निकला!" लतीफभाईंचा आवाज आला आणि खोलीत पुन्हा तो लखलखीत पट्टा उतरला. खट. खट. खट. शेवटचा ठिपका पहिल्याला जाऊन भिडला तेव्हा डॉक्टर भिंतीला टेकून खाली बसले.

दोन्ही डोळे बांधून तिला दवाखान्यातच हलू न देता निजवलं. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी बघितलं, मग मी बघितलं. पांढऱ्या ठिपक्यांचं कडं धरलं होतं आणि चीर त्याच्या आत मुकाट बसली होती. मी ते चित्र काढलं. आयुष्यात मी काढलेलं ते सगळ्यांत खरं चित्र. शेवंता जळकोटला गेली आणि चोळ्या शिवायला लागली.

यावर गावानं काय करावं? आरसेवाल्यानं बाईला अंधाऱ्या खोलीत नेऊन तिच्या डोळ्यात आग सोडली, अशी बोंब उठवली. तहसीलदारांनी ती वर पोचवली. आणि चौकशी आली.

जिल्ह्याचे तेच मोठे डॉक्टर, बांधकाम खात्याचा ओव्हरसियर आणि एक कारकून. आमच्या डॉक्टरांनी त्या दिवशी अचकन धुऊन घातली होती. शेवंताला निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं, भिंतीवर चित्रं क्रमानं लावली होती, डोळ्यात बघायचा आरसा स्वच्छ पुसून ठेवला होता. त्यांना खरोखर वाटत होतं की ही माणसं डोळा बघायला आली आहेत.

ओव्हरसियरनं टेप काढला आणि भोक मोजलं. लांबी, रुंदी, खोली. कारकुनानं लिहून घेतलं.

"आधी हिचा डोळा बघा, साहेब," डॉक्टर आरसा पुढं करत म्हणाले.

"ते नंतर," मोठे डॉक्टर म्हणाले. "सरकारी इमारतीला भोक पाडण्याची परवानगी कोणी दिली?"

"परवानगी मी मागितली होती. तुम्ही सूर्यनमस्कार घालायला सांगितलंत. डोळा बघा."

"डोळा हा चौकशीचा विषय नाही."

मी तिथं उभा होतो. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात, डोळ्यांच्या डॉक्टरासमोर, डोळा वाचलेली बाई स्टुलावर बसलेली असताना एक डॉक्टर हे बोलला. मोठ्या डॉक्टरांच्या हातापासून तो आरसा वीतभर लांब होता. त्यांनी तो घेतला नाही.

शेवंता उठली. पदर खोचला. "मग मला इथं कशाला बशिवलंय? भोक बगायला आलाव व्हय तुमी? माझा डोळा जात हुता तवा कुठं व्हता? आता मला दिसायलंय, तर तुमाला भोक दिसायलंय!"

"बाईंना बाहेर न्या," मोठे डॉक्टर म्हणाले.

"नामाकूल!" आमचे डॉक्टर ओरडले. हैदराबादेत शिकलेली ती त्यांची एकमेव शिवी. "बाहेर तुम्ही जा! ती रोगी आहे, तिचा इथं हक्क आहे. तुम्ही कोण?"

एवढ्यावर सगळं आटोपलं. डॉक्टरांना शेजारच्या जिल्ह्यात देवीची लस टोचायच्या पथकावर टाकलं. पडद्याचा असा जाणकार खेडोपाडी दंडावर सुया टोचत फिरायला लागला. भोक सिमेंटनं बुजवलं. वहिनींचा आरसा आणि माझी सगळी चित्रं पुरावा म्हणून नेली. मी ती परत मागायला जिल्ह्याला खेपा घातल्या. रद्दीत गेली, असं सांगितलं. एक मात्र मला नंतर दिसलं. मोठ्या डॉक्टरांच्या बंगल्यात, सोनेरी चौकटीत, दिवाणखान्यात. शेवंताचा डोळा. त्यांच्या बाईसाहेब कौतुकानं म्हणाल्या, "सूर्यास्ताचं आहे." ते आडवं टांगलेलं होतं.

दवाखान्यात नवे डॉक्टर आले. तरुण, भला माणूस, बायको-लेकरांचा धनी, वरच्यांना घाबरणारा. त्यांच्याकडं त्याच वर्षीच्या हिवाळ्यात येरमाळ्याचा एक गवंडी आला. नाव रामलिंग. एक डोळा लहानपणी देवीनं गेलेला. दुसऱ्यापुढं काजळी आणि चमक. उन्हानं डोळा शिवणारा डॉक्टर इथं असतो असं बाजारात ऐकून तो जिल्ह्याच्या त्या टोकावरून एवढ्या लांब आला होता. नव्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि घरी जायला सांगितलं. लतीफभाईंनी त्याला माझ्याकडं आणलं.

मी डॉक्टरांना तार केली. रामलिंगला माझ्या घरी उताणा निजवून ठेवला, शिंकसुद्धा जपून दे म्हणालो. तार गावोगाव पथकाच्या मागं फिरत राहिली. इकडं रामलिंग रोज सांगे, "मास्तर, खालून काळं पानी चढायलंय." मग म्हणाला, मध्यावर आलंय. मग त्यानं सांगायचं बंद केलं.

डॉक्टर आले ते एस.टी.तून थेट, धुळीनं माखलेले. दुर्बिणीची भिंगं त्यांच्या स्वतःच्या पिशवीत होती. रामलिंगला आम्ही दवाखान्यात नेलं. नवे डॉक्टर दारात उभे राहिले, "साहेब, माझी नोकरी..." म्हणाले आणि मग आपणच बाजूला झाले.

डॉक्टरांनी रामलिंगचा डोळा बघितला. आरसा खाली ठेवला.

"सुटलाय," ते मला म्हणाले. "सगळा." मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यालाही तेच सांगितलं, जसं शेवंताला सगळं सांगितलं होतं तसं. तू वेळेवर आला होतास, असंही सांगितलं. रामलिंगनं 'नशीब' हा शब्द काढला नाही.

डॉक्टर बाहेर गेले. कुठून तरी पहार मिळवली. शिडी लावली आणि दिवसाढवळ्या, सडकेवरचे लोक बघत असताना धाब्यावर चढले. सिमेंटवर घाव पडायला लागले. त्या घावांनी त्यांची नोकरी गेली. पंचनामा झाला, खटला झाला. पुढं उमरग्याला ट्रकांच्या गॅरेजशेजारी पत्र्याची खोली घेऊन ते मरेपर्यंत डोळे बघत राहिले. दवाखान्याचं भोक बुजवायला पुन्हा मंजुरी यायला इतका काळ गेला की दरम्यान नवे डॉक्टर रविवारी रविवारी उमरग्याला जाऊन काम शिकले आणि त्या भोकाखाली गुपचूप डोळे वाचवले. हे सगळं पुढचं. त्या दुपारी मी खाली अंधाऱ्या खोलीत रामलिंगजवळ बसलो होतो आणि वरून माती पडत होती.

"काय करायलेत वर?" त्यानं विचारलं.

"झरोका फोडताहेत."

"माझ्यासाठी?"

खोटं बोलवेना. "नाही. तुमच्या मागून जो येईल त्याच्यासाठी."

तो कान देऊन ऐकत राहिला. घाव वेडेवाकडे पडत होते. "डॉक्टरांला पहार धरता येत न्हाय," तो म्हणाला. "आसं मारल्यावर खालच्या फळ्या फुटत्याल. मला वर न्या."

मी नको म्हणालो. तो उठलाच. नव्या डॉक्टरांनी शिडी धरली, मी पुढं, तो माझ्या मागं, पायरी चाचपत. वर डॉक्टर घामानं निथळत होते, हातांना फोड आले होते. त्यांनी रामलिंगकडं बघितलं आणि पहार त्याच्या हातात दिली. त्यानं गुडघे टेकले, तळव्यानं सिमेंटची कड शोधली आणि कडेकडेनं घाव घातले. थोड्याच वेळात चकती सुटून खाली पडली. खालून लतीफभाई ओरडले की ऊन आलं.

आम्ही उठलो. रामलिंग बसूनच राहिला. त्यानं थोडी माती आणि पाणी मागितलं, चिखल कालवला आणि बोटानं भोकाची कड लिंपायला लागला.

"राहू द्या आता," मी म्हणालो.

"कड नीट करून देतो, मास्तर," तो म्हणाला. "खाली निजल्याल्या मानसाच्या डोळ्यात माती पडाय नको."